कुंभारी ते कन्ना चौक: चौदा पर्यायांची चाळणी

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळच्या कुंभारीत रे नगर या कामगार वसाहतीच्या पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. पूर्ण प्रकल्प ३०,००० घरांचा आहे. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, बांधकाम मजूर अशा लोकांची ही वसाहत. तिच्या आधी, २००६ मध्ये, त्याच परिसरात गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली होती. तिथे विडी कामगार बायकांसाठी सुमारे १०,००० घरं झाली. कामगार नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या पुढाकाराने लढून मिळवलेली ही घरं आहेत आणि सोलापूरला त्यांचा अभिमान वाटायला हवा.

पण घर अक्कलकोट रोडवर दहा-बारा किलोमीटर बाहेर गेलं आणि काम राहिलं शहराच्या पूर्व भागात, कन्ना चौकाच्या बाजूला. विडी कारखान्यांच्या ब्रँच, यंत्रमागाचे शेड, टॉवेल शिवायची युनिटं, धुणीभांड्याची घरं, सिव्हिल हॉस्पिटल, मुलांची कॉलेजं सगळी इकडेच. मधल्या अंतराचं काय करायचं, हे या प्रकरणात मांडलं आहे. हा सरकारी अभ्यास नाही. महापालिकेच्या बससेवेतून, म्हणजे परिवहनमधून, निवृत्त झालेले एक नियंत्रक, नगररचना शिकणारे दोघं, वसाहतीतल्या काही बायका आणि मी असे आम्ही बसलो होतो. बसायचं कारण एकच: सुचलेल्या उपायांपैकी कोणते पुढे अभ्यासाला घ्यायचे आणि कोणते आत्ताच बाजूला ठेवायचे, हे नीट ठरवायचं होतं. खाली जिथे जिथे प्रवासीसंख्या आणि वेळ येतात, ते आम्ही धरलेले आकडे आहेत, मोजलेले नाहीत.

पहिल्या बैठकीचा बराचसा वेळ प्रश्न लिहिण्यात गेला, आणि तो गेला हे बरं झालं. सुरुवातीला फळ्यावर आलेली वाक्यं अशी होती: "अशोक चौकात पूल हवा", "कुंभारीला ई-बस हवी", "रस्ता रुंद करा". ही तिन्ही उत्तरं आहेत. उत्तरापासून सुरुवात केली की बाकीचे पर्याय नावापुरते उरतात. निवड आधीच झालेली असते आणि पुढचा अहवाल तिला आधार देण्यासाठी लिहिला जातो.

म्हणून प्रश्न एका माणसाच्या बाजूने लिहिला. विडी कामगार बाईला सकाळी वळलेला माल घेऊन ब्रँचला जायचं आहे, तो देऊन पानं आणि तंबाखू घेऊन परत यायचं आहे. हातात पिशवी आहे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे रस्त्यात गेलेला प्रत्येक तास थेट मजुरीतून जातो आणि तिकीटही त्याच मजुरीतून जातं. यातून चार कसोट्या निघाल्या. दारापासून ब्रँचपर्यंत तासाच्या आत पोचता यावं. रोज परवडावं. पिशवी घेऊन शक्यतो गाडी बदलायला लागू नये. आणि हिवाळ्यात लवकर अंधार पडल्यावर थांब्यावर उभं राहायला भीती वाटू नये. चौथी कसोटी आमच्यापैकी एकाही पुरुषाला सुचली नव्हती.

यंत्रमाग कामगाराची गरज यापेक्षा वेगळी आहे. त्याला पाळी सुटल्यावर रात्री घरी जायचं असतं. ती स्वतंत्र नोंदवून ठेवली. दोन्ही गरजा एकाच वाक्यात कोंबल्या असत्या तर दोन्ही पातळ झाल्या असत्या.

त्यानंतर लांब यादी. या टप्प्यावर कुणाचंही म्हणणं खोडायचं नाही असं ठरवलं होतं. यादीत चौदा नावं आली: आहे ती व्यवस्था फक्त डागडुजी करून चालवणं, उड्डाणपूल, कन्ना चौक ते कोंतम चौक रुंदीकरण, मेट्रो किंवा मोनोरेल, बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका), होटगीकडून रेल्वे शटल, बारा मीटरची ई-बस, नऊ मीटरची मिडी बस, अक्कलकोटच्या एसटीला कुंभारीत पक्का थांबा, ठरलेल्या मार्गावर शेअर रिक्षा, गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी, सायकल मार्ग, दोन्ही टोकांना पदपथ-थांबे-दिवे, आणि चौदावा, जो एका अक्कांनी सांगितला: "ब्रँचच इकडं आणा की ओ. आमी कशाला जायचं?"

वाहतुकीच्या यादीत हा पर्याय सहसा येत नाही, कारण त्यात ना रस्ता आहे ना गाडी. पण प्रवासाची गरजच कमी करणारा उपायही वाहतुकीचाच उपाय असतो. आम्ही तो बाकी तेरांच्या रांगेतच लिहिला.

ब्रिटनच्या परिवहन खात्याने २०११ मध्ये पर्यायांच्या आरंभीच्या छाननीसाठी एक साधन काढलं. त्यात प्रत्येक पर्यायाला पाच अंगांनी विचारतात: धोरणाला धरून आहे का, समाजाला फायदा किती, राबवता येईल का, पैसा कुठून येणार, आणि काम करून घेण्याचा करार कसा होणार. आपल्याकडेही २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने पर्यायांचं विश्लेषण सक्तीचं केलं आहे. मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्याआधी बीआरटी, हलकी रेल्वे, ट्राम अशा साधनांशी तुलना दाखवावी लागते. या दोन्हींतून आम्ही एवढंच घेतलं की पहिल्या फेरीत गुण द्यायचे नाहीत, अडसर शोधायचे. दहापैकी सात, दहापैकी पाच असे गुण दिले की सगळे पर्याय बेरजेत तरंगत राहतात. ज्या पर्यायासाठी जागाच नाही, त्यालाही "खर्च" आणि "आधुनिकता" या रकान्यांत गुण मिळून तो वर येऊ शकतो. अडसर मात्र एका वाक्यात लिहिता येतो, आणि तो खोटा असेल तर कुणीही येऊन खोडू शकतो.

काही पर्याय झटकन गेले. मेट्रो आणि मोनोची क्षमता ताशी हजारोंची. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या शहरातल्या एका मार्गाची गरज तिच्या जवळपासही जात नाही. शिवाय जुन्या गावठाणात डोक्यावरून जाणाऱ्या कुठल्याही बांधकामाला सोलापुरात आधी एक प्रश्न विचारावा लागतो: संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतले उंच नंदीध्वज कुठून जाणार? हा भावनेचा मुद्दा म्हणून बाजूला सारता येत नाही. नंदीध्वजांची उंची आणि मिरवणुकीचा मार्ग या सोलापूरच्या रस्त्यांच्या खऱ्या अटी आहेत, आणि त्या आराखड्यात पहिल्या दिवशी लिहिल्या पाहिजेत.

रेल्वे शटलची कल्पना नकाशावर आकर्षक दिसते. वाडीकडे जाणारा लोहमार्ग होटगी जंक्शनवरून जातो, तो वापरला तर नवा रस्ता लागत नाही. पण तो कुंभारीच्या वस्तीला लागून जात नाही, आणि शहरातलं स्टेशन पश्चिमेला आहे, विडी आणि यंत्रमागाचा भाग पूर्वेला. दोन्ही टोकांना गाडी बदलावी लागेल. तिसऱ्या कसोटीवर तो बाद झाला.

सायकल मार्ग मुख्य उपाय म्हणून टिकला नाही. वसाहतीतली मुलं एमआयडीसीपर्यंत सायकलने जातात, पण पिशवी घेऊन दहा-बारा किलोमीटर सोलापूरच्या उन्हात रोज, ही अपेक्षा रास्त नाही.

खरा वाद उड्डाणपुलावर झाला. सोलापुरात जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला आणि जुना पुणे नाका ते पत्रकार भवन अशा दोन उड्डाणपुलांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, भूसंपादनात ती अडकत आली आहे, आणि शहरात प्रत्येकाचं त्यावर मत आहे. इथे आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पूल शहराला हवा की नको, हा एक प्रश्न. पूल हे आमच्या प्रश्नाचं उत्तर आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर एका अक्कांनी दिलं: "पूल बांधला तरी मी खालूनच जाणार की. थांबा खालीच हाय." पुलाचा फायदा शहर ओलांडून जाणाऱ्या वाहनाला होतो, शहरात उतरणाऱ्या माणसाला फारसा नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या जुन्या मार्गदर्शिकेत, चौकातल्या सगळ्या बाजू मिळून ताशी १०,००० पीसीयूपेक्षा जास्त वाहतूक असेल तर वेगळ्या पातळीवरच्या रचनेचा विचार करावा असं म्हटलं आहे. पीसीयू म्हणजे ट्रक, बस, रिक्षा, दुचाकी हे सगळं मोटारीच्या हिशेबात आणून केलेली मोजणी. अशोक चौकाची अशी मोजणी होऊन आकडा त्याच्या वर गेला, तर पुलाची चर्चा जरूर व्हावी. तरीही तो आमच्या यादीत परत येणार नाही, कारण तो ज्या प्रश्नावर बाद झाला तो प्रश्न वाहनसंख्येचा नव्हता.

रुंदीकरणही गळालं, आणि ते आम्हाला सोपं गेलं नाही. कन्ना चौक, कोंतम चौक, कुंभार वेस या भागात वाहन चालवणाऱ्या कुणालाही रुंदीकरण हवंसंच वाटेल. पण तिथल्या दोन्ही बाजूंना खाली दुकान, वर घर आणि मागे माग किंवा शिलाईकाम अशी घरं आहेत. ज्या कामापर्यंत पोचण्यासाठी रस्ता रुंद करायचा, तेच काम त्यासाठी उठवावं लागेल. शेऱ्यात आम्ही तसंच लिहिलं: "उपायामुळे उद्दिष्टच जातं."

बीआरटीवर वेगळा शिक्का मारला. आम्ही तीन शिक्के ठरवले होते: "पुढे", "बाद" आणि "थांबवला". थांबवला म्हणजे आज नाही, पण अमुक घडलं तर पुन्हा उघडायचा, आणि ते अमुक काय हे शिक्क्याशेजारी लिहायचंच. शहराच्या आत वेगळी मार्गिका मिळणं शक्य नाही, पण वसाहतीपासून शहराच्या वेशीपर्यंत अक्कलकोट रोडवर बसला प्राधान्य देता येण्याजोगी जागा काही टप्प्यांत आहे. अट अशी लिहिली: गर्दीच्या तासात एका दिशेने बारापेक्षा जास्त बस जायला लागल्या, की हा पर्याय उघडावा. त्याआधी रिकामी मार्गिका लोकांच्या डोळ्यांत खुपते आणि चांगली कल्पना बदनाम होते.

जड वाहनबंदी हा एकटा उपाय नव्हता, पण बाकीचे उपाय त्याच्यावर उभे होते. ट्रकच्या रांगेत अडकलेली बस वेळ पाळू शकत नाही. विजापूरकडच्या वाहतुकीसाठी केगाव-हत्तूर बायपास झाल्यापासून शहरात ट्रक शिरण्याची कारणं कमी झाली आहेत. उरलेल्यांसाठी पाळ्यांच्या वेळा लक्षात घेऊन प्रवेशाचे तास ठरवता येतात. हा पर्याय "पुढे" गेला, पण स्वतंत्र उपाय म्हणून नव्हे, अट म्हणून.

आता बस. इथे निवृत्त नियंत्रकांचा अनुभव सगळ्यात कामी आला. सोलापूरच्या परिवहनने चेसिसला तडे गेलेल्या बस उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न गाडी कोणती हा नव्हता. "रोज चालवायचा खर्च कोण देणार?" हा होता. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत सोलापूरला १०० बस मंजूर आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत बस ठेकेदाराची असते, त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि केंद्र दहा वर्षं त्यातला वाटा देतं. म्हणजे बस विकत घेण्याचा डोंगर नाही, पण तिकिटातून येणारी रक्कम आणि किलोमीटरचं देणं यातली तूट महापालिकेला दर महिन्याला भरायची आहे. त्यात कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. शहराच्या करदात्याने हद्दीबाहेरच्या फेऱ्यांची तूट का भरावी, हा प्रश्न सभागृहात येणारच. त्याचं उत्तर आधी तयार हवं: ही माणसं रोज शहराच्याच उद्योगात राबतात.

मिडी की मोठी, याचा हिशेब असा मांडला. अंतर १२ किलोमीटर, थांब्यांसह सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर धरला, तर एका बाजूला ४० मिनिटं. जाऊन-येऊन ८०, टोकाला १० मिनिटं थांबा, म्हणजे ९० मिनिटांची फेरी. गर्दीच्या तासात ३०० माणसं एका दिशेने धरली. मिडी बसमध्ये उभे धरून ४०, मोठीत ६०. मिडीच्या तासाला ८ फेऱ्या लागतात, साडेसात मिनिटांना एक, आणि त्यासाठी १२ बस. मोठीच्या ५ फेऱ्या, बारा मिनिटांना एक, आणि ८ बस. चालक-वाहक कमी लागतात म्हणून मोठी बस स्वस्त पडते. पण मोठ्या बसला कन्ना चौकाच्या आतली वळणं जड जातात, ती अशोक चौकात थांबवावी लागेल, आणि पिशवी घेऊन गाडी बदलणं आलं. ३०० माणसांपर्यंत मिडीच बरी, असं आमचं मत झालं.

आता माणसं १,००० धरा. मिडीच्या २५ फेऱ्या आणि ३८ बस लागतात. मोठीच्या १७ फेऱ्या आणि २६ बस. शहराला मंजूर १०० बसपैकी ३८ एकाच मार्गाला देणं कुणालाही शक्य नाही. म्हणजे एका आकड्यावर निवड उलटते, आणि तो आकडा आमच्याकडे नाही. अशा वेळी छाननीने एकच विजेता जाहीर करणं मला गैर वाटतं. आम्ही दोन्ही पर्याय पुढे ठेवले आणि मोजणीची मागणी त्यांच्याच ओळीत लिहिली. मोजणी एका आठवड्याच्या कामाच्या दिवसांची हवी, आणि तिच्यात ३०,००० पैकी प्रत्यक्ष राहायला आलेली घरं किती, हेही हवं. कुलूपबंद घरातून प्रवासी निघत नाही.

एसटीचा थांबा हा पर्याय कागदावर किरकोळ दिसत होता. सोलापूर-अक्कलकोट मार्गावर एसटी आजही धावते, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणारी गर्दी वर्षभर असते, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. बायकांच्या दृष्टीने दुसऱ्या कसोटीवर याच्याइतका सोपा उपाय दुसरा नव्हता. अडचण अशी की अक्कलकोटहून भरून आलेली गाडी कुंभारीत थांबतच नाही, आणि सकाळच्या वेळी गाडी भरूनच येते. म्हणून "थांबा द्या" एवढ्या मागणीने भागत नाही, सकाळी कुंभारीतूनच सुटणाऱ्या फेऱ्या मागायला हव्यात. तसं लिहिल्यावर पर्याय पुढे गेला.

शेअर रिक्षा मुख्य मार्गावर नको आणि वसाहतीच्या आत हवी, असा निर्णय झाला. आजही खरं ओझं तीच वाहते आहे, आणि तिला अनधिकृत म्हणून हाकलून देणारा कोणताही आराखडा पहिल्याच महिन्यात फसेल. वसाहत एवढी पसरलेली आहे की शेवटच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत चालणं हाच एक प्रवास होतो. त्यासाठी ठरलेला थांबा आणि ठरलेलं भाडं असलेली रिक्षा लागेल.

पदपथ, थांबे आणि दिवे यांवर एकमत होतं, म्हणून ते फार न चर्चिता पुढे गेले. भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी मार्गदर्शिकेत पदपथाची अडथळा नसलेली रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. अशोक चौकातून ब्रँचकडे जाणाऱ्या वाटांवर ती सलग कुठेच मिळत नाही, आणि तिथे रस्ता रुंद न करताही ती काढता येते, हे नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी जागेवर टेप धरून दाखवलं.

मग भारांक, म्हणजे कोणत्या कसोटीला किती वजन द्यायचं ते. उरलेल्या पर्यायांना गुण द्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाने आपापले भारांक वेगळ्या कागदावर लिहिले. आम्ही खर्चाला आणि वेळेला जास्त दिले. बायकांनी सुरक्षिततेला आणि गाडी न बदलण्याला. दोन्ही भारांकांनी हिशेब केला तेव्हा पदपथ-दिवे आणि कुंभारीतून सुटणारी एसटी दोन्हीकडे वरच राहिले. मिडी आणि मोठी बस मात्र जागा बदलत होत्या. ज्या पर्यायांची जागा भारांक बदलूनही हलत नाही, ते लगेच सुरू करावेत. ज्यांची हलते, त्यांच्यासाठी अजून माहिती हवी किंवा कुणाला प्राधान्य द्यायचं हे लोकप्रतिनिधींनी उघडपणे ठरवावं. हे ठरवणं तज्ज्ञांनी तक्त्याच्या आड उरकू नये, असं मला मनापासून वाटतं.

चौदावा पर्याय शेवटपर्यंत टिकला. ब्रँच वसाहतीजवळ आली तर विडी कामगारांचा मोठा प्रवासच संपतो, आणि मग बसची गरज मुख्यतः यंत्रमाग कामगार, विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यापुरती उरते. तसं झालं तर वरचा सगळा बसचा हिशेब ३०० च्या बाजूला झुकतो आणि मिडी बस पुरते. पण हा निर्णय परिवहनचा नाही, महापालिकेचाही नाही. तो कारखानदार आणि कामगार संघटना यांच्यात व्हायचा आहे. माल तपासणी, छाट (खराब म्हणून नाकारलेल्या विड्या), मजुरीचा हिशेब हे सगळं त्यात येतं. म्हणून नोंदीत आम्ही त्याला पहिला क्रमांक दिला आणि मिडी की मोठी बस हा निर्णय त्याच्या उत्तरानंतर घ्यावा असं लिहिलं. पदपथ, दिवे, वसाहतीतल्या रिक्षा, ट्रकच्या वेळा आणि एसटीच्या सकाळच्या फेऱ्या यांना मात्र कोणाच्याच उत्तराची वाट पाहायची गरज नाही.

शेवटची नोंद चार पानांची झाली. प्रत्येक पर्यायासमोर शिक्का, कारण, आणि ते कारण कधी खोटं ठरेल याची ओळ. ती वसाहतीत मराठीत आणि तेलुगूत वाचून दाखवली. वाचनात एक दुरुस्ती आली: रात्रपाळी सुटल्यावर घरी जाणाऱ्यांसाठी एकही फेरी लिहिलेली नव्हती, ती मागणी मिडी बसच्या ओळीत जोडली.